होडी दिली नाही, त्याबद्दल

सर्जेकोट, ता. मालवण
रविवार, 9 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
बायचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईने सकाळचा चहा आणि बाबांच्या गोळ्या झाल्यावरच उघडावे, आणि बाबांनी डोळ्यांना ताण न देता दादाकडून वाचून घ्यावे. फोनवर सांगणे सोपे होते; परंतु न पटणारे काही कानावर आले की बाबा बोलायचेच थांबतात, आणि तुम्ही डोंबिवलीला दादाकडे असताना इतक्या लांबून ते गप्प राहणे मला सोसत नाही. शिवाय जे घडले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकले तरच तुमचा राग थोडा कमी होईल, अशी मला आशा वाटते.

बाबा, होडी मी दिली नाही. तारकर्लीच्या ज्या गृहस्थांना तुम्ही दिवाळीपूर्वी शब्द दिला होता, त्यांच्याकडे मी 8 डिसेंबरला स्वतः गेले, त्यांचा 5,000 रुपयांचा विसार परत केला आणि तुमच्या वतीने नव्हे तर माझ्या वतीने त्यांची क्षमा मागितली. तुम्हाला यातले काही ठाऊक नाही आणि दोष माझा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते रागावले नाहीत. तुमची प्रकृती विचारली आणि चहा घेतल्याशिवाय मला उठू दिले नाही. तरीही तुमचा दिलेला शब्द तुमच्या मुलीने मोडला, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही, हे मला कळते. त्यानंतरचे दोन महिने मी तुमच्यापासून हे लपवले. जानेवारीत फोनवर ग्राइंडरचा आवाज ऐकून आईने विचारले तेव्हा शेजारी चिरे कापत आहेत असे मी सांगितले. ते खोटे होते. तो आवाज आपल्या घरापुढच्या खळ्यातला होता.

मी असे का केले, ते सांगते. ते गृहस्थ होडीच्या तळाला भोके पाडून, आत माती भरून तिच्यात फुलझाडे लावणार होते. त्यात वाईट काही नाही, आणि तुम्ही होकार दिलात तोही इस्पितळाचा खर्च डोळ्यांसमोर होता म्हणून, हे मला माहीत आहे. परंतु तो खर्च दादाने आणि मी मिळून भागवला आहे, बँकेतल्या तुमच्या ठेवीला हात लागलेला नाही, आणि होडीसाठी लागलेला प्रत्येक रुपया माझ्या पगारातला आहे. लाकडी होडी मोडली तर फळ्या तरी कामाला येतात. फायबर एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे ही होडी एकतर दुरुस्त करायची नाहीतर टाकून द्यायची, तिसरा मार्ग नव्हता. शिवाय काकांचा धाकटा आठ वर्षे दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबतो आहे; त्याला न्हयीचे जाळे घालायला आपली होडी मिळाली, तर तो घरी राहील आणि निम्मी वाटणी तुमच्या हातात येईल. हे सगळे खरे आहे, तरी मला आणखीही एक खरे सांगितले पाहिजे. तौक्ते वादळानंतर, म्हणजे मे 2021 पासून, ती माडाखाली उपडी पडली होती आणि शाळेत जाता-येता मी तिच्याकडे पाहत नव्हते. कोणी ती उचलून नेईल त्या दिवशीही मला असेच दुसरीकडे पाहावे लागेल, असे मनात आले आणि मी रिक्षा करून तारकर्लीला गेले.

ती खळ्यात आणण्यासाठी रस्त्याकडचा गडगा दोन वाव पाडावा लागला. चिरे मोजून रचून ठेवले आहेत आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी गडगा होता तसा उभा राहील. आई, तुझी अबोली गडग्यालगत होती, ती मुळांच्या मातीसकट काढून विहिरीमागे लावली. दोन रोपे सुकली, बाकीची जगली. तुळशीला धक्का लागलेला नाही. माडाचे ओंडके खाली घालून वाड्यातल्या अठरा जणांनी होडी ओढत आणली, आणि सगळ्यांना मी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि पाव दिले. वाटप तुझ्यासारखे जमले नसावे, पण कोणी ताटात टाकले नाही.

पहिला महिना काम असे काहीच झाले नाही, कारण होडी सुकायची होती. तळाचे शिंपले खरवडले, गोड्या पाण्याने धुतले आणि उन्हात ठेवली. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने तळाला लावून ठेवायचा आणि सकाळी पाहायचा. डिसेंबरात त्याला आतून घाम सुटत असे, म्हणजे फायबरमध्ये पाणी होते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो कोरडा राहिला तेव्हा मी ग्राइंडर हातात घेतला.

त्याआधी सबंध होडी वाजवून पाहिली. बाबा, परसातला फणस बोटांनी वाजवायला तुम्ही मला खांद्यावर घेऊन शिकवले होते आणि म्हणाला होतात, “बद्द वाजलो की पिकलो.” होडीचेही तसेच आहे, जिथे थर एकमेकांना धरून आहेत तिथे ती खणखणीत वाजते आणि जिथे थर सुटले आहेत तिथे पिकल्या फणसासारखी बद्द वाजते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मी वीतभर अंतरावर वाजवत गेले आणि बद्द जागी खडूने गोल काढत गेले. बावीस फुटांत नऊ गोल निघाले. मला वाटले होते त्याहून ते फार कमी होते. तिचा तळ तर अजून नव्यासारखा वाजतो.

सगळ्यात वाईट अवस्था मागच्या फळीची होती. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून आतले प्लायवुड चहाच्या चोथ्यासारखे झाले होते, ते मी कलथ्याने खरवडून बाहेर काढले. आता तिथे 710 नंबरचे मरीन प्लाय दोन थर चिकटवून बसवले आहे, आणि बोल्टांची भोके आधी मोठी पाडून, घट्ट मिश्रणाने भरून, त्याच्या मधोमध पुन्हा पाडली आहेत, म्हणजे लाकडाला पाणी लागणारच नाही.

होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ लावलेल्या फायबरच्या तुकड्याविषयी लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. फयान वादळानंतर तुम्ही एका रात्रीत बॅटरीच्या उजेडात तो लावला होता, आणि आई शेजारी बसून रेझिनचा डबा धरून होती. त्या तुकड्याची कड आता छिन्नीने सहज सुटली, कारण तो रंगावरच बसवला गेला होता आणि रेझिनने फायबरऐवजी रंगाला धरले होते. परंतु बाबा, त्या नोव्हेंबरात रंग खरवडत बसायला वेळ कुठे होता? हंगाम निम्मा गेला होता, ताईचे लग्न ठरले होते, आणि तो तुकडा 2009 पासून होडी वर ओढेपर्यंत थेंबभरही पाणी आत येऊ न देता टिकला. मला दोन महिने आणि कोरडे खळे मिळाले म्हणून मी ते सावकाश करू शकले, एवढाच त्यात फरक आहे.

तौक्तेत जेटीवर आपटून पडलेली चीर मी दोन्ही बाजूंनी उतरती घासून घेतली. फायबर जितके जाड, त्याच्या बारा पट रुंद उतार हवा. आपल्या होडीची बाजू तिथे सुमारे सहा मिलिमीटर आहे, म्हणून चिरेच्या दोन्ही अंगांना सात-सात सेंटिमीटर घासले. एवढे चांगले फायबर घासून टाकताना हात कचरला, पण नवे जुन्याला धरते ते त्या उताराच्याच बळावर. मिस्त्री नेहमीचेच रेझिन वापरा म्हणत होते. चिरेला आणि मागच्या फळीला मात्र मी हट्टाने इपॉक्सी जातीचे रेझिन वापरले, कारण घट्ट झालेल्या जुन्या फायबरला ते अधिक चांगले चिकटते. बाकी गोलांना साधे रेझिन आणि काचतंतूंची मॅट लावली. सकाळी दव असते म्हणून दहापूर्वी डबा उघडत नाही, आणि दुपारच्या उन्हात मिश्रण लगेच थिजू लागते म्हणून एका वेळी पाव किलोहून जास्त कालवत नाही. प्रत्येक थरावर रोलर फिरवून आतली हवा काढते. एक बुडबुडा राहिला तरी मला रात्री झोप येत नाही.

आता तुम्ही आगीची काळजी कराल. रेझिन घरात नाही, जाळ्यांच्या खोपीत आहे, आणि ते घट्ट करणारे कोबाल्ट व हार्डनर खोपीच्या दोन टोकांना वेगळे ठेवले आहेत, कारण ते थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवते आणि मगच किलोला पंधरा ग्रॅम हार्डनर वजन करून घालते. काम असेल त्या दिवशी न्हाणीची चूल पेटवत नाही. घासताना काचेची भुकटी उडते म्हणून तोंडाला गाळणीचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि अंगात बाबांचे जुने पूर्ण बाह्यांचे सदरे असतात. ते सदरे वेगळे धुते, आणि जेवते वेळेवर. परवा कुळथाची पिठी केली होती. सोलांचे प्रमाण चुकले, पण भात दोनदा घेतला.

लहानपणी नाळेतल्या जाळ्यांवर मी झोपून जात असे आणि तुम्ही मला तशीच उचलून घरी आणत होता, तेव्हा मला जाग असायची, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. डोळे मिटून मी तुमच्या सदऱ्याचा खारा वास घेत असे. आता तेच सदरे अंगात असताना तो वास रेझिनच्या वासाखाली कुठेच सापडत नाही, आणि याचे मला इतके वाईट वाटले की एक सदरा मी न वापरता पेटीत परत ठेवून दिला.

तुम्ही परत याल तेव्हा घरात कसलाही वास राहणार नाही. रेझिन पुरते पक्के झाले की त्याचा उग्रपणा काही आठवड्यांत ओसरतो. न्हाणीघरात आणि मागच्या पायऱ्यांना धरायला दांडे बसवून घेतले आहेत. आईच्या गुडघ्यांसाठी खाटेखाली ठोकळे घालून ती उंच केली आहे. पडवीतली बाबांची खुर्ची आहे तिथेच आहे. तिथून होडी पुरी दिसते.

दोन गोष्टी मात्र ऐकाव्याच लागतील. बाबा, रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, बरे वाटते म्हणूनही नाही. दादाकडे सुका बांगडा आणि खारवलेली मासळी पूर्ण बंद; आई, ते मागतील आणि तू तळून देशील, म्हणून हे तुला लिहिते. मीठ मोजूनच घाल. मजले जिन्याने चढू नका; लिफ्ट बंद असेल तर खालीच बाकावर बसा. एप्रिलच्या तपासणीनंतर तुतारी एक्सप्रेसने ठाण्याहून कुडाळला या, आणि आरक्षण 60 दिवस आधी खुले होते हे दादाला आजच सांगा, म्हणजे खालचे बर्थ मिळतील.

आणि एक गोष्ट, जी मला लिहायला जड जाते. होडी पाण्यात गेली तरी बाबांनी या वर्षी तिच्यातून समुद्रात जायचे नाही. 1 जूनपासून तर मासेमारीला बंदीच आहे, आणि ती उठल्यावरही डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, आणि तेव्हाही कोळंब खाडीपर्यंतच. होडीचे प्रमुख, तांडेल, तुम्हीच आहात. वारा कुठला आहे, न्हय कुठे घालायची, कोणत्या दिवशी निघायचे नाही, हे काकांचा धाकटा तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवणार नाही, असे त्याने मला गणपतीसमोर सांगितले आहे. इंजिन किती उंचीवर बसवायचे, तेही मी तुमच्यासाठी राखून ठेवले आहे, कारण मिस्त्री एक सांगतात आणि जुन्या फळीवरच्या खुणा दुसरेच सांगतात.

इपॉक्सीवर जेलकोट, म्हणजे फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर, नीट बसत नाही, म्हणून बाहेरून सबंध होडीला रंगच द्यायचा आहे. अंग पांढरे ठेवणार आहे. काठाखालचा पट्टा पूर्वी तांबडा होता आणि फयाननंतर तुम्ही तो हिरवा केला होता; का केला होता, ते तुम्ही कधी बोलला नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. पट्ट्याचा रंग मी अजून आणलेला नाही. कोणता आणू, तेवढे कळवा. राग गेला नसेल तर दादाकडून कळवा.

तुमची,
बाय

ता. क. आई, शेजारच्या काकी गुरुवारी डोंबिवलीला येत आहेत. त्यांच्याबरोबर उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ आणि कोकमाच्या आगळाची बाटली पाठवते. आगळात मीठ आहे. सोलकढी बाबांना अर्धीच वाटी दे.