गाडी उचलली गेली त्या दिवशी धावून आलेल्या रिक्षाचालक काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपण त्या दिवशी नाव न सांगताच पुढचे भाडे घेऊन निघून गेलात, म्हणून हे आभाराचे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या स्टँडवरील कुणाच्या वाचनात आले, तर ते आपल्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा हात धरून मी पुण्यातील पेठेतल्या त्या नेत्ररुग्णालयाच्या पायऱ्या उतरलो, तेव्हा लावलेल्या जागी गाडी नव्हती. गाडी चोरीला गेली की उचलली गेली, हे सांगणारी कोणतीही खूण रस्त्यावर नव्हती. भर दुपारचे ऊन, वडिलांच्या डोळ्यावर पट्टी, धूळ टाळा अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आणि शेजारी भांबावलेली आई. अशा वेळी आपण रिक्षातून उतरून स्वतःहून जवळ आलात आणि म्हणालात, "घाबरू नका, चोरी नाही. टोइंगवाल्यांनी नेलीये, आत्ताच. आधी बाबांना घरी पोहोचवू, गाडी कुठे पळून जात नाही." त्या एका वाक्याने आईच्या जिवात जीव आला.

आई-वडिलांना घरी सोडून परतल्यावर आपण मला थेट चौकीत नेले नाहीत. आधी त्याच जागी थांबून रस्त्याच्या कडेचा खांब दाखवलात. सम आणि विषम तारखांनुसार गाड्या लावण्याची बाजू बदलणारी पी-१, पी-२ ची पाटी त्या खांबावर होती खरी, पण कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स तिच्यावरच बांधलेला होता. "याचा फोटो काढा, लांबूनही आणि जवळूनही," असे आपण सांगितलेत. या कारवाईविरुद्ध मी केलेल्या ऑनलाइन तक्रारीला आज माझ्याकडे जो पुरावा आहे, तो केवळ आपल्या या सूचनेमुळे. त्या तक्रारीचा निकाल अजून यायचा आहे.

गाड्या ठेवण्याच्या आवारात पोहोचल्यावर कागदपत्रे मागण्यात आली आणि ती तर आवारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्याच कप्प्यात होती. तिथल्या माणसाने "मग उद्या या" असे सांगून विषय संपवला होता. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधील परवाना आणि आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) मूळ कागदांइतकीच ग्राह्य असते, हे आपण त्याला ज्या शांतपणे आणि आदराने समजावलेत, ते मी विसरू शकत नाही. आपला आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही, आणि तरीही काम झाले. ५०० रुपये दंड, टोइंगचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी यांचा स्वतंत्र हिशोब दाखवणारी पावती हातात येईपर्यंत आपण माझ्या शेजारून हललाही नाहीत.

सर्वांत मोलाचे ठरले ते त्यानंतरचे. मी किल्ली लावणार, तोच आपण मला थांबवलेत आणि मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या चाकापाशी वाकलात. हँडब्रेक लावलेली गाडी पुढची चाके उचलून ओढत नेल्यामुळे मागच्या दोन्ही टायरांची नक्षी एकाच जागी घासून सपाट झाली होती आणि बंपरखाली साखळीचा ताजा ओरखडा होता. "गाडी बाहेर काढलीत की मग कोण मानणार?" असे म्हणून आपण फोटो काढायला लावलेत आणि तिथल्या नोंदवहीत नुकसानीची नोंदही करवून घेतलीत. टायर बदलण्याचा खर्च दंडाच्या कितीतरी पट झाला. आता निदान तो कुणाकडे मागायचा आणि कशाच्या आधारे, हे तरी मला ठाऊक आहे.

पेठांतले रस्ते अरुंद आहेत, रुग्णवाहिकेला वाट मोकळी हवी, हे मला मनापासून मान्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार मनाईच्या जागेवरील वाहन हलवता येते आणि टोइंगचा खर्च मालकाला सोसावा लागतो. परंतु त्याच कलमानुसार अशा कारवाईला गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याची संमती लागते. मनाईची पाटी दिसेल अशी ठेवणे आणि उचललेली गाडी धडपणे नेणे ही जबाबदारीही मग उचलणाऱ्यांचीच नव्हे काय? रुग्णालयाच्या दारात क्रेन लावण्यापूर्वी एकदा मोठ्याने पुकारा केला असता, तर आम्ही दोन मिनिटांत खाली आलो असतो. यातले काहीही घडले नाही, आणि ती सगळी उणीव आपण एकट्याने, आपला धंदा बुडवून भरून काढलीत.

वडिलांची दृष्टी आता उत्तम आहे. काळजीत असलेल्या माणसांशी कसे बोलावे, हे रिक्षावाल्यांकडून शिका, असे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

मीटरपुरतेच पैसे घेऊन आपण थांबल्या वेळेचे पैसे नाकारलेत. ते मी बाजूला ठेवले आहेत. रुग्णालयासमोरच्या औषधांच्या दुकानदारांकडे माझा मोबाइल क्रमांक दिला आहे. आपण कृपया कळवावे. आई-वडिलांची आपणास घरी जेवायला बोलावण्याची फार इच्छा आहे.

आपला कृतज्ञ,
त्या दिवशीचा आपला प्रवासी