बेळगावच्या खडे बाजारातल्या मोबाईलवाल्या मामांना थँक्यू

मामा, तुमचं नाव मला अजून माहीत नाही, पावतीवर पण नुसता शिक्काच, म्हणून असंच लिहितोय. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तुमच्या दुकानात फक्त पाऊस थांबेपर्यंत उभं राहायला शिरलो होतो, स्क्रीनगार्ड बघतोय असं दाखवत. तुम्हाला कळलं असणारच.

पिशवीत दोन जुनी घड्याळं होती. एक सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच ४, मी अँड्रॉइड वापरायचो तेव्हाचं, आणि दुसरं अ‍ॅपल वॉच एसई, २०२० मध्ये आलेलं ते पहिलं मॉडेल. आयफोन घेतल्यापासून सॅमसंगवालं कपाटात पडून, कारण ते आयफोनला जोडलंच जात नाही. आता नवीन अ‍ॅपल वॉच घेतलं (ईएमआयवर, घरी किंमत जरा कमी सांगितलीय, ते सोडा), तर माझा हिशेब सरळ होता, सॅमसंग विकायचं आणि एसई बाबांना द्यायचं. बाबा उद्यमबागला फाउंड्रीत होते, आता रिटायर, रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जातात, आणि यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मागच्या दारच्या पायरीवरून घसरून पडले तर अर्धा तास तसेच बसून राहिले, कुणाला हाक पण मारली नाही. का, तर म्हणे एवढं काय लागलं नव्हतं. तेव्हापासून माणूस पडला की आपोआप घरच्यांना कळवणारं घड्याळ त्यांच्या हातात पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं.

तुम्ही दोन्ही घड्याळं उलटीपालटी करून बघितलीत आणि किंमतीचं काही बोलायच्या आधी विचारलंत, "बाबांच्याकडं फोन कुठला हाय?"

म्हटलं, सॅमसंगचा.

"मग हे इकूलालास कशाला गा?" म्हणजे सॅमसंगवालं विकतोयस कशाला.

मामा, मी दोन आठवडे व्हिडिओ बघत होतो, दोन्हीची तुलना करत होतो, स्क्रीन कुठली चांगली, सेन्सर कुठला चांगला, आणि अ‍ॅपल वॉच अँड्रॉइड फोनला चालत नाही ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. वर मी शहाणपणा केलाच, म्हटलं माझ्या आयफोनवरून घरच्या माणसासाठी सेट करता येतंय की. तुम्ही शांतपणे म्हणालात, येतंय, पण त्याला सेल्युलरवालं, म्हणजे स्वतःचं मोबाईल नेटवर्क असलेलं मॉडेल लागतंय, तुझं नुसतं जीपीएसवालं हाय. संपला विषय.

मग एसईच का विकायचं ते पण तुम्हीच समजावलंत. २०२४ मध्ये वॉचओएस ११, म्हणजे अ‍ॅपल घड्याळाची नवी सिस्टीम आली, त्यात हे मॉडेल बसलंच नाही, १० वरच अडकलंय, म्हणजे जेवढं ठेवून घेशील तेवढा दर उतरणार. बॅटरी हेल्थ ८२ टक्के निघाली, ८० च्या खाली गेली की गिऱ्हाईक हमखास भाव पाडतंय म्हणालात. ऑनलाइन एक्स्चेंजला २८०० दाखवत होते, तुमच्या सांगण्यावरून थांबलो आणि चिकोडीच्या एका पोराला ६००० ला दिलं.

आणि ते लॉकचं! मी घड्याळावरूनच सगळं इरेज करून आलो होतो, झालं काम म्हणून. तुम्ही चालू करून दाखवलंत तर ते माझाच अ‍ॅपल आयडी मागतंय. तसंच विकलं असतं तर ते पोरगं दुसऱ्या दिवशी चिकोडीवरून भांडायला आलं असतं, आणि त्याचं काय चुकलं असतं. आयफोनवरच्या वॉच अ‍ॅपमध्ये जाऊन अनपेअर करायचं, पासवर्ड टाकायचा, तेव्हाच तो लॉक सुटतो, हे तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत, पासवर्ड टाकताना तोंड तिकडं करून बसलात. ते बघून बरं वाटलं.

सॅमसंगचा पट्टा कडक झालेला, तर त्याला साधा २० मिलीमीटरचा कुठलाही पट्टा बसतो म्हणून चामड्याचा घालून दिलात, त्याचे फक्त २५० घेतलेत. बाकीच्या पाऊण तासाचे काहीच नाही. मी विचारलं तर म्हणालात पाऊस थांबला, जा आता.

घरी येऊन घड्याळ रिसेट केलं, बाबांच्या फोनला जोडलं, पडल्याचं कळवणारं सेटिंग मुद्दाम चालू करावं लागतं तेही केलं, माझा नि बहिणीचा नंबर टाकला. हे ब्लूटूथवालं असल्यानं फोन जवळ पाहिजे हे तुम्ही दोनदा बजावलेलं, त्यामुळं आता फिरायला जाताना फोन शर्टाच्या खिशात असतो. तीस वर्षांची एचएमटी काही त्यांनी सोडलेली नाही, ती डाव्या हातात, हे उजव्या हातात. परवा देवापुढं नारळ फोडताना हे थरथरायला लागलं, पडलात काय म्हणून, तर बाबा त्याच्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "नाही रे बाबा, उभा हाय."

कुंदा घेऊन दोनदा येऊन गेलो मामा, दोन्ही वेळा शटर खाली. शनिवारी संध्याकाळी परत येतो.