मी उठायच्या आत हे वाचून ठेवा

नाशिकरोड

तीर्थरूप आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

रात्रपाळीत लिहितेय. आज आयसीयू जरा शांत आहे. सकाळी हे पत्र टीव्हीखाली ठेवून मी झोपेन, मी उठायच्या आत दोघांनी वाचून ठेवा. समोर बसून बोलायचं म्हटलं की आई पदर डोळ्यांना लावते, बाबा पेपर उघडतात आणि माझं अर्धं बोलणं तोंडातच राहतं.

मी राजीनामा दिलाय. जूनच्या एक तारखेला नवापूरकडच्या त्या मिशन हॉस्पिटलात रुजू होतेय. बाबा, पगार आत्ताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे, हे आत्ताच सांगून टाकते. राहायला खोली आहे, खिडक्यांना जाळी आहे, बाथरूम आतच आहे (आई, मी आधी तेच बघून आले). बोअरचं पाणी थोडं जड लागतं, फिल्टर घेईन. मेसमध्ये भाकरी आणि तूरडाळ. ज्या नवापूरच्या डाळीसाठी आई वाण्याशी हुज्जत घालते तीच, तीही रोज. तेव्हा माझे हाल होतील ही काळजी सोडा.

इथे माझ्या जागेवर यायला दहा जणी टपून आहेत. तिथे शिबिराला गेले होते तेव्हा रात्री सिकलसेलचा, त्या रक्ताच्या आजाराचा, एक पोरगा आणला होता, आठ-नऊ वर्षांचा. गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, रडायचंही त्राण नव्हतं. सलाईन लावायला शीर सापडेना. तिथल्या नव्या सिस्टरचे हात थरथरत होते, बिचारी दोन महिन्यांपूर्वीच पास झालेली. मला सापडली, मनगटाच्या बाजूला. त्यात माझं कौतुक काही नाही, इतकी वर्षं हेच तर करतेय. पण अशा मुली तिथे शिकतात आणि अनुभवाचा दाखला मिळाला की शहराकडे निघतात. त्यांनाही मी नावं ठेवत नाही, घरं त्यांनाही आहेत. मला मात्र त्या रात्रीनंतर इथला ओव्हरटाइम गोड लागेना.

याला पाचारण म्हणायचं का, ते पाद्रीसाहेबांना ठरवू दे. सर्वस्व अर्पण करण्याची गाणी आपण सगळे उभं राहून म्हणतो आणि खाली बसलो की गाडी कुठे लावलीय ते आठवतो. मीही त्यातलीच. बाबा, तुम्ही मात्र मला आपल्या नाशिकच्या शरणपूरला शिकलेल्या आफ्रिकन जेकब वेनराइटची गोष्ट सांगत वाढवलंत. मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांतला तो, १८७४ साली लंडनच्या अंत्यविधीलाही हजर राहिलेला. त्याला हे करायला कोणी सांगितलं होतं, असं मी विचारलं की तुम्ही नुसते हसायचात.

पण गेले काही दिवस मला आजीची गोष्ट जास्त आठवतेय, जलालपूरची. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्याचं मोठेपण सगळे सांगतात. आजी म्हणायची, "भुर्दंड भरला त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी." १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेईपर्यंत त्या बाईनं काय काय सोसलं, हे सांगताना आजी भाजी निवडायची थांबायची. समर्पण मी करणार, आणि रात्री दोनला आईची साखर उतरली तर उठणार बाबा, पंच्याहत्तरी ओलांडलेले, गुडघे धरून. हे मला कळतं. कळत नाही असं कृपा करून समजू नका.

बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं लूक चौदामध्ये आहे. मी तो केलाय, बाबांच्या जुन्या डायरीतच. आणि मार्कच्या सातव्या अध्यायात, आई-बापाला द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू काय बोलतो, तेही वाचलंय. म्हणून तुमच्या औषधांच्या पैशाला मी हात लावलेला नाही. ते देवाला द्यायला माझे नव्हतेच. साठवलेल्यातली मोठी रक्कम आईच्या नावावर ठेवलीय, व्याज महिन्याच्या महिन्याला येईल. पीएफ निघाला की बाबांचा मोतीबिंदू.

बाबा, तुम्ही म्हणाल, पैशाशिवाय चालत नाही. खरंय. पण तुम्ही जन्मभर प्रेसमध्ये नोटांच्या थप्प्या हाताळल्यात आणि रोज गेटवर झडती देऊन घरी आलात. येताना कॅन्टीनचा वडा रुमालात बांधलेला असायचा. गार, मऊ पडलेला, तरी मला तोच लागायचा. आपल्याकडे काही कमी आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

आई, तू दर वाढदिवसाला सांगतेस, टायफॉइडमध्ये मी हातची चालले होते आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला देवाला वाहिलंस, हन्नाने शमुवेलाला वाहिलं तसं. ते आता तुझ्या तोंडावर फेकायचं नाहीये मला. घाबरलेली आई काहीही बोलून जाते, देवालाही ते माहीत असणार. पण हन्ना दरवर्षी लेकासाठी झगा शिवून शिलोला जायची, हेही तूच सांगितलंस. तेव्हा तू नाताळच्या करंज्या घेऊन ये. धुळ्याला गाडी बदलावी लागते, मी घ्यायला येईन.

लग्नाचं विचाराल, तर स्थळांना नवापूरचा पत्ता द्या. कोण कोण येतंय बघू.

आता नीट ऐका. नवीन इन्सुलिन फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नाही. आई, ताट वाढल्याशिवाय सुई टोचायची नाही, बाबांची प्रार्थना कितीही लांबो. घाम सुटला, हात थरथरले की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मला फोन त्यानंतर. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. घरातही चप्पल घालायची, आणि रात्री तुझे पाय बाबांनी बघायचे, चष्मा लावून, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. बाबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडलीत तर मी पहिल्या गाडीने परत येईन, हे खरं समजा. शेजारच्या मावशींना मी सगळं दाखवून ठेवलंय, जादा किल्लीही त्यांच्याकडे आहे.

रागावलात तर रागवा. दोन दिवस बोलला नाहीत तरी चालेल, फक्त जेवण सोडू नका.

तुमचीच,
बेबी

ता. क. दादाला मी स्वतः सांगते, तुम्ही फोन करू नका. आणि बाबा, चर्चच्या पास्टरेट कमिटीच्या ग्रुपवर यातलं काही टाकायचं नाही. रविवारी मला पुढे बोलावून शाल घालतील, ते मला नको. मी अकराला उठेन, पोळ्या मीच करते, आईला कणीक तेवढी मळून ठेवायला सांगा.