शेंड्याचे पान आणि बुडाचे पान : बाईंना आभाराचे पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आमच्या खोलीतल्या रोपांची पाने का वळत होती, याचा उलगडा आपण करून दिलात, त्याबद्दल फोनवर आभार मानले होतेच. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे. औषधाचे नाव सांगण्यास आपण सुरुवातीला जो साफ नकार दिलात, त्यासाठी आभार मानायचे राहून गेले होते, आणि पुण्यात फ्लॅटच्या बंद खोलीत दिव्याखाली रोपे वाढवणाऱ्या अनेकांपर्यंत तो नकार पोहोचायला हवा, असे मला वाटते.

एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात आपली ओळख झाली आणि तिथेच मी मोबाइलमधली छायाचित्रे आपल्यापुढे धरली. तोपर्यंत माझ्याकडे तीन सल्ले जमा झाले होते. एका दुकानदाराने सर्व किडींवर चालणारे म्हणून एका कीटकनाशकाची बाटली सुचवली होती, एका नातेवाइकांच्या मते कॅल्शियम कमी पडत होते, तर आणखी कोणी पाणी जास्त होत असल्याचे सांगितले होते. छायाचित्रावरून मी काहीही सांगणार नाही, असे म्हणून आपण उलट मलाच प्रश्न विचारलेत. ते कोणत्या क्रमाने विचारलेत, ते इथे नोंदवून ठेवतो, कारण माझ्या मते सारे शहाणपण त्या क्रमात आहे.

खोलीतल्या सगळ्या जातींच्या झाडांना हा त्रास आहे की एकाच जातीला, हा आपला पहिला प्रश्न होता. ऊन, वारा, पाणी, क्षार अशा निर्जीव कारणांना झाडाची जात फारशी कळत नाही. खिडकीच्या बाजूची किंवा दिव्याच्या बरोबर खालची सगळी झाडे साधारण एकाच वेळी आणि एकाच तऱ्हेने बिघडतात. कीड किंवा रोग मात्र एका रोपावर सुरू होतो, त्याला आवडणाऱ्या जातीच्या शेजारच्या रोपावर जातो आणि मधली भलतीच कुंडी निर्धास्त सोडून देतो. या एका प्रश्नाने माझ्या तीन सल्ल्यांची वाटणीच झाली. मिरचीचे शेंडे, टोमॅटोची खालची पाने आणि पीस लिली व स्पायडर प्लँट यांची टोके, ही तीन वेगळी दुखणी एकाच खोलीत नांदत होती, आणि एका बाटलीने ती तिन्ही बरी होणे शक्यच नव्हते.

दुसरा प्रश्न पानाच्या वयाचा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून त्यांची उणीव आधी बुडाच्या पानांवर दिसते. मॅग्नेशियम कमी पडले की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याला जाणवते. कॅल्शियमबद्दल आपण जे सांगितलेत ते मला कुठल्याच बाटलीच्या वेष्टनावर वाचायला मिळाले नव्हते. ते मुळांकडून पाण्याबरोबर वर चढते, आणि पानांतून पाण्याची वाफ होऊन बाहेर पडली तरच ते पाणी वर ओढले जाते. दारे-खिडक्या बंद असलेल्या दमट, वारा नसलेल्या खोलीत मातीत भरपूर कॅल्शियम असूनही कोवळ्या पानापर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही, आणि अशा वेळी बाटलीपेक्षा मंद गतीवर ठेवलेला छोटा पंखा अधिक कामाचा ठरतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या द्रावणाची सध्या जी फॅशन आली आहे, तिच्या उत्साहाला एवढ्या माहितीने थोडा आळा बसावा.

माझ्या मिरचीच्या बाबतीत मात्र हेही कारण नव्हते. पान कोणत्या बाजूला वळले आहे, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाने ते उघडकीस आले. आपल्याकडे शेतकरी ज्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, त्या एकाच नावाखाली निरनिराळे गुन्हेगार दडलेले असतात, हे आपण सविस्तर समजावलेत. फुलकिडे रस शोषतात तेव्हा मिरचीच्या पानांच्या कडा वर वळतात. कोळी, म्हणजे घरात जाळे विणणारा कोळी नव्हे तर पानांचा रस शोषणारा त्याच नावाचा बारीक जीव, शोषतो तेव्हा कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसते, अरुंद व जाडसर होते, देठ लांबतो आणि पानाची खालची बाजू तांबूस होऊ लागते. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर रोप खुजे राहते, नवी पाने लहान, आक्रसलेली व पिवळसर येतात, आणि तिथे कोणतेही औषध उपयोगी पडत नाही, रोप उपटून टाकावे लागते. माझी पाने खाली वळलेली होती. आपण दिलेल्या भिंगातून जाळी कुठेच दिसेना, तेव्हा हा जाळी विणणारा नेहमीचा लाल कोळी नसून शेंड्यात लपणारा, साध्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा पिवळा कोळी असावा, असे आपण म्हणालात. घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली शेंड्याचे पान ठेवून आपण त्याची पांढरे ठिपके असलेली अंडी मला दाखवलीत, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही.

कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि मावा-तुडतुड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक औषधांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने तर कोळी वाढल्याचेही आढळले आहे. दुकानदाराने सुचवलेल्या बाटलीत नेमके तेच होते! त्याऐवजी आपण पाण्यात मिसळणारे गंधक पुडीवर छापलेल्या प्रमाणात, दिवे बंद करून, संध्याकाळी कुंड्या गॅलरीत नेऊन फवारायला सांगितलेत, आणि पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात किंवा निंबोळी तेलाच्या फवारणीच्या मागेपुढे दोन आठवड्यांत ते वापरू नये, नाहीतर पाने करपतात, हेही बजावलेत. वळलेले पान पुन्हा सरळ होणार नाही, कोळी मेल्यावरही काही काळ येणारे शेंडे वाकडेच येतील, तेव्हा गुण आला की नाही ते त्यानंतरच्या पानांवरून ठरवावे, हे आपण आधीच सांगितले नसते तर मी नक्कीच घाईने दुसरे औषध आणले असते. आता मिरचीला आलेली पाने सपाट आणि रुंद आहेत.

टोमॅटोचा निकाल आपण फार लवकर लावलात. फक्त खालची पाने वरच्या बाजूला गुंडाळली होती, ती जाड पण हिरवीगार होती आणि शेंडा निकोप होता. हा उष्णतेचा व तीव्र प्रकाशाचा ताण असून त्याने फळ कमी येत नाही, असे सांगून आपण दिवा वीतभर वर घ्यायला लावलात आणि विषय संपवलात.

पीस लिली आणि स्पायडर प्लँटची तपकिरी टोके हा खास आमच्या भागाचा प्रश्न निघाला. खडकवासला धरणाचे पाणी कमी येते तेव्हा आमच्या सोसायटीत टँकर येतो, आणि ते पाणी बहुधा बोअरचे असते. इथल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या त्या पाण्यात क्षार बरेच असतात. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर आपण नखाने खरवडून दाखवलात. कुंडीच्या बुडातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत साधे पाणी घालून क्षार धुवून काढणे, तबकात साठलेले पाणी लगेच ओतून देणे आणि पावसाचे पाणी मिळेल तेव्हा साठवणे, एवढाच उपाय. अशा पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात, हेही तेव्हाच कळले. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवल्यावर पहिले पाणी का टाकून द्यायचे, याचे उत्तरही क्षारांतच होते.

आपला आणखी एक आग्रह आवर्जून लिहितो. पाणी जास्त झाले की कमी, हे पानावरून ठरवू नये, कारण दोन्हींत पान मलूल होते. कुंडी उचलून वजन पाहावे, आणि शंका उरली तर रोप अलगद बाहेर काढून मुळे पांढरी व घट्ट आहेत की तपकिरी, मऊ आणि वास मारणारी आहेत, ते बघावे. मुळे बघायला लोक फार घाबरतात, असे आपण म्हणालात, ते आमच्या सोसायटीपुरते तरी शंभर टक्के खरे आहे.

आता एक विनंती. आमच्या शेजाऱ्यांच्या पेपेरोमियाच्या पानांखाली खरखरीत, तपकिरी फोड आले आहेत. भिंगाखाली कीड दिसत नाही, आणि शेजारच्या कुंड्यांत तसे काहीही नाही. मुळांनी घेतलेले पाणी ढगाळ, दमट हवेत पानांना बाहेर टाकता न आल्याने पेशी फुटल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे, पण तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही. आपल्याला सवड असल्यास रविवारी सकाळी एक पान बंद पिशवीत घालून आणतो. कुंडी अर्थातच आपल्या गच्चीवर आणणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
मिरचीवाला शेजारी
कोथरूड, पुणे