खण पोचला

लंडन,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय वैशे,

खण पोचला. जांभळा, लाल काठाचा. पार्सल फोडलं आणि कोऱ्या कापडाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. बराच वेळ तो गालाला लावून बसले होते, हे तुला सांगितलं नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, "याचा तुझा तो जपानी फ्रॉक शिव आणि तिथल्या गोऱ्या पोरींना दाखव आपल्याकडे काय असतं ते." त्याला दीड महिना झाला आणि मी अजून कात्री लावलेली नाही. परवा तू विचारलंस तेव्हा वेळ मिळत नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. खरं काय ते लिहूनच सांगावं म्हटलं.

आधी त्या फ्रॉकबद्दल. फोटो तू पाहिलेस, पण कपडा हातात घेतलेला नाहीस, आणि तू शिवणारी, तुला लगेच कळेल. घेर गुडघ्यापर्यंत, घंटेसारखा फुललेला. तो फुलतो आतल्या पेटीकोटमुळे: जाळीच्या कापडाचे थरावर थर, प्रत्येक थराला बारीक चुण्या. वर बंद गळ्याचा ब्लाउज, लेस, डोक्याला मोठा बो नाहीतर टोपडं. याला लोलिता म्हणतात. नावावर जाऊ नकोस. त्या नावाच्या कादंबरीशी (अल्पवयीन मुलीमागे लागलेल्या माणसाची आहे ती) हे घालणाऱ्या मुली काही संबंध मानत नाहीत, आणि इतकं अंग झाकणारा दुसरा कपडा माझ्याकडे नाही. टोकियोच्या हाराजुकू भागात हे वाढलं. 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' हे त्यातलं मोठं नाव १९८८ सालापासूनचं. २००१ मध्ये 'गॉथिक अँड लोलिता बायबल' नावाचं नियतकालिकच निघालं, त्यात घरी शिवायला पेपर कटिंगसुद्धा छापलेलं असे. असलं काही आपल्याला कॉलेजात मिळालं असतं तर आपण जेवणखाण सोडलं असतं.

जपान्यांनी हे युरोपातून घेतलं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारणींचे घेर, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज मुलींचे फ्रॉक आणि लेस. घेतलं आणि पार आपलंसं केलं, इतकं की २०१२ साली इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने लोलितावर छोटं प्रदर्शन भरवलं. इंग्रजांचाच पणजीचा फ्रॉक टोकियोहून त्यांच्याकडे परत आला. पण सगळं रूप बाहुलीचं, आणि बाहुली म्हटलं की मनात जी येते ती गोरी असते. मला सांगायचंय ते इथूनच सुरू होतं.

गोल्डहॉक रोडवर कापडाची दुकानं आहेत, ओळीने. इथे लोलिता घालणाऱ्या मुलींचं एक मंडळ आहे, रविवारी भेटतं; मी त्यात नवीन होते तेव्हा एक मुलगी मला कापड निवडून द्यायला आली. आईवडील नायजेरियाचे, हिचा जन्म इथलाच, सहा वर्षं लोलिता घालणारी. हात असा की काज बघत राहावं. तिने फिकट आकाशी लॉन, ते तलम सुती कापड, खांद्यावर टाकलं आणि आरशात पाहिलं. मी म्हणाले, "तुला जरा गडद रंग चांगला दिसेल." ती थांबली. कापडाची घडी केली, चारही कोपरे जुळवून, आणि ताग्यावर ठेवली. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाली.

वैशे, ते वाक्य माझं नव्हतं. सावळ्या अंगाला फिकं शोभत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक लग्नाच्या खरेदीत ऐकलेलं. पण तोंड माझं होतं. नंतर तिने मला बरंच सांगितलं. एका चहापार्टीत, पूर्ण पोशाखात, डोक्यावर बॉनेट असताना, एका बाईने तिला वाढणाऱ्यांपैकी समजून रिकामा कप हातात दिला. फोटोंखाली लोक लिहितात की कपडा सुंदर आहे, 'पण'. त्या पणच्या पुढे काही लिहावं लागत नाही. अंगाच्या रंगाचे म्हणून मिळणारे मोजे कुणाच्या अंगाच्या रंगाचे असतात, हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

आणि त्या रात्री मला गॅदरिंग आठवलं. दुसऱ्या वर्षाचं. नाचात तुला मागच्या रांगेत उभं केलं, "स्टेजवरच्या लाइटमध्ये चेहरा उठत नाही" म्हणून. नाच तू बसवलेला होतास. मी पुढच्या रांगेत, मधोमध होते आणि एक शब्द बोलले नाही. त्यावर आपण कधीच बोललो नाही. तू त्या रात्री माझी वेणी घालून दिलीस, गजरा माळलास. मला माफ कर, हे आज म्हणतेय. वीस वर्षं उशीर झाला.

गेल्या वर्षी मी जपानला गेले ते तुला माहीत आहे, पण तिथे एक गोष्ट घडली ती मी कुणालाच सांगितली नाही. लाफोरे नावाची एक इमारत आहे हाराजुकूत, तिथे या कपड्यांची दुकानं. मी एक फ्रॉक घालून बघायला मागितला. दुकानातल्या मुलीने मला बूट काढायला सांगितले आणि दोन्ही हातांनी एक पांढरं, विरविरीत टोपरं पुढे केलं. डोक्यावरून पूर्ण चेहरा झाकणारं. खुणेने दाखवलं, हे घाला, मग फ्रॉक. माझ्या पोटात खड्डा पडला. वाटलं, माझा रंग कपड्याला लागेल म्हणून. खरंच तसं वाटलं, चाळिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी करून स्वतःच्या पैशाने तिथवर गेलेली मी. तेवढ्यात शेजारचा पडदा सरकला आणि एक जपानी मुलगी बाहेर आली, हातात अगदी तसंच टोपरं. मेकअपचे डाग पडू नयेत म्हणून तिथे सगळ्यांनाच देतात. मी आत गेले, पडदा ओढला आणि रडले. कुणीही माझा अपमान केला नव्हता. तरी तो माझ्या आत इतका तयार होता, नुसतं फडकं दिसल्यावर उठून उभा राहिला.

फ्रॉक पाठीत बसला, तिथे इलास्टिकच्या चुण्या होत्या. बाही दंडात अडकली. तुझी सवय म्हणून उलटा करून पाहिला, तर शिवणीत माया अर्धं बोटसुद्धा नाही. उसवायला जागाच नाही. त्या मुलीने मात्र दुसरा, बिनबाह्यांचा शोधून आणला, पिशवी दुकानाच्या दारापर्यंत स्वतः धरून आली आणि वाकून नमस्कार केला.

जपानला याबाबतीत मी सोवळं मानत नाही. गोरेपणा सात दोष झाकतो अशी त्यांच्यात म्हणच आहे, आपल्या आत्या-मावश्या लगेच मान डोलवतील. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टोकियोच्या शिबुया भागातल्या काही मुलींनी मुद्दाम कातडी भाजून काळी केली, ओठ पांढरे रंगवले, त्यांना गांगुरो म्हणत. गोऱ्या, नाजूक, गप्प मुलीचं जे चित्र होतं ते त्यांना नको होतं, आणि लोकांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. (त्यात खऱ्या काळ्या माणसांचं उसनं किती, हा वाद वेगळा, आणि माझ्या त्या मैत्रिणीचं त्यावर कडक मत आहे.) २०१५ मध्ये आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली. वडील काळे अमेरिकन, आई जपानी. लोक म्हणाले, ही पुरेशी जपानी नाही. पुढच्या वर्षी प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाली, वडील भारतीय, बंगाली. तिलाही तेच ऐकावं लागलं. दोघी तिथेच जन्मलेल्या.

पण कपड्याच्या बाबतीत जपानने दार लावलेलं नाही. २००९ मध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्यानेच तीन तरुणींना 'कवाई'च्या, म्हणजे गोड-गोंडस फॅशनच्या, राजदूत नेमलं. त्यातली मिसाको आओकी लोलितातली, शिक्षणाने नर्स, आणि ती हेच कपडे घालून देशोदेशी गेली. पॅरिस, सॅन फ्रान्सिस्कोला दुकानं निघाली. त्यांनी ते जगाला आपणहून देऊ केलंय. मग तू कोण हे घालणारी, हा प्रश्न मला विचारतं कोण? बहुतेक वेळा जपानी नसलेलंच कुणीतरी.

२०१५ मध्येच बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये मोने या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्रापुढे लोकांना किमोनो अंगावर घालून बघायला देत होते. चित्रात मोनेची बायको तसाच लाल किमोनो घालून उभी आहे. तरुण मुलं फलक घेऊन आली, हा वंशवाद आहे म्हणाली. मग दुसरी माणसं किमोनो घालूनच आली, त्यात जपानी बायकाही होत्या, म्हणाल्या आम्हाला आनंद आहे, घालू द्या. शेवटी म्युझियमने घालणं बंद करून नुसता हात लावू दिला. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. आशियाई म्हणून शाळेत चिडवून घेतलेल्या मुलीला तो लाल किमोनो मजेखातर मिरवलेला पाहून काय वाटलं असेल, हे त्या पडद्यामागच्या दोन मिनिटांनंतर मला कळतं.

आता तुझा खण. वा-लोली नावाचा एक प्रकार आहे, किमोनोच्या बाह्या आणि खाली फुगलेला घेर. ची-लोली म्हणजे चिनी गळ्याचा. त्यामुळे मी आले तशा सगळ्या प्रेमाने म्हणू लागल्या, तू इंडियन कर ना! साडीचा कर, टिकली लाव. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुझ्याही नाही. पण लीड्सची मुलगी गुलाबांचा फ्रॉक घालते तेव्हा तिला कुणी म्हणत नाही की तुझ्या यॉर्कशरचं काही आण. तिला गुलाब आवडतात, संपलं. मी आले की मी देश घेऊन यायचं. मी दर रविवारी भारत व्हायचं. मला तेवढ्या दुपारपुरते नुसते गुलाब हवेत गं.

गंमत म्हणजे ते गुलाबही मी वाचून बसलेय. इंग्रज ज्याला चिंट्झ म्हणतात ना, ते आपलं छीट, आजीचं चिटाचं कापड. कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजं भरून इथे यायचं. इथले विणकर इतके चिडले की १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर बायकांच्या अंगावरचे छापील झगे फाडले. १७२१ मध्ये ते घालण्यावरच कायद्याने बंदी आली. तेच छापील कापड डच गलबतांतून जपानला गेलं, तिथे त्याला सारासा म्हणायचे. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. वाटलं, उद्याच जाऊन सगळ्यांना सांगते, हे मुळात आमच्याकडचं. मग त्या मैत्रिणीचा विचार आला. तिने कुठल्या किनाऱ्याचा दाखला आणायचा? तिने सहा वर्षं रात्री जागून काज केलेत, तेवढं पुरे नाही? म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. तुला मात्र सांगावंसं वाटलं.

त्या आकाशी लॉनचा तिने फ्रॉक शिवला, बरं का. मेमधल्या पिकनिकला घालून आली. गळ्याला स्वतः विणलेली लेस. मी तिच्याकडे जाऊन त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, बरं. आणि मला खांद्याची पिन लावायला सांगितली.

तर हा खण मी फ्रॉकसाठी कापणार नाही. डिसेंबरात भावाच्या लग्नाला येतेय, तेव्हा घेऊन येते. त्याची चोळी शिव, तुझ्या हातची, ती मी आईच्या इरकलीवर घालीन. आणि गोल्डहॉक रोडवरून तुझ्यासाठी कापड आणायचंय. इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नाही की तुला स्वतःला कुठला रंग आवडतो. कळव. माझं मागचं माप तुझ्या वहीत असेल, पण बाहीचा घेर आता एक इंच वाढवून धर, आणि शिवणीत दोन बोटं माया ठेव.

तुझी,
चारू