आजाराचे खापर बाईच्या ताटावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला जिवाणू आणि स्तनाचा कर्करोग यांच्या संबंधावरचा लेख वाचला. राग रात्रभर गेला नाही, म्हणून हे पत्र. मी निवृत्तीपर्यंत पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. कल्चरच्या प्लेटा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवायच्या बशा, बघण्यात आयुष्य गेले, त्यामुळे या विषयावर मराठीत कोणी लिहिते आहे याचा मला खरे तर आनंदच व्हायला हवा होता. सुरुवातीला झालाही. पण लेखाच्या शेवटी चौकट टाकून ‘रोज दही-ताक घेणाऱ्या स्त्रिया सुरक्षित’ असे ठळक छापले आहे. हे कोणत्या आधारावर?

माझ्या धाकट्या जावेची सध्या केमो सुरू आहे. काल सकाळचा चहा व्हायच्या आत तुमच्या त्या चौकटीचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. खाली नात्यातल्या एका बाईंनी लिहिले, ‘‘हिला लहानपणापासून दही नको असायचं. मी तेव्हाच सांगत होते.’’ त्यावर दोघातिघांचे हात जोडलेले. दुपारी जावेचा फोन आला. तोंड आतून सोललेले, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येते अशी तिची अवस्था, आणि विचारते काय, तर ‘‘ताई, मी दही खाल्लं असतं तर हे टळलं असतं का हो?’’

‘नाही, टळले नसते’ असेही कोणी छातीठोक सांगू शकत नाही आणि टळले असते असे तर मुळीच नाही. तुमच्या लेखकाने मात्र ते सांगून टाकले.

विषय खोटा आहे असे मी म्हणत नाही. 2014 साली कॅनडा आणि आयर्लंडमधल्या 81 स्त्रियांच्या स्तनातल्या ऊती तपासल्या, तेव्हा तिथेही जिवाणू आढळले. त्याआधी ही जागा बहुतेक निर्जंतुकच धरली जायची. पुढे 2020 मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सात प्रकारच्या कर्करोगांच्या 1526 गाठी अभ्यासल्या. स्तनाच्या गाठींत जिवाणूंची विविधता विशेष दिसली, आणि ते बहुतांशी पेशींच्या आत होते. 2021 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विष तयार करणारा एक आतड्यातला जिवाणू उंदरांत सोडला, तर त्यांच्या स्तनातल्या पेशी बेसुमार वाढू लागल्या. हे सगळे महत्त्वाचे आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवे.

पण गाठीत जिवाणू सापडले म्हणजे गाठ त्यांनीच केली असे होत नाही. गाठ झाल्यावर आयती जागा मिळाली म्हणून ते आत शिरले असतील. आधी कोण, हे माणसांच्या बाबतीत अजून ठरलेले नाही. उंदरांत दिसले ते उंदरांत दिसले. जठराच्या कर्करोगाचे उदाहरण तुम्ही दिले आहे, ते इथे लागू नाही. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्येच कर्करोगकारक ठरवले, कारण तेवढा पुरावा जमला होता. स्तनाच्या कर्करोगासाठी अशा एकाही जिवाणूवर बोट ठेवता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट लेखात कुठेच नाही, आणि प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला ती पहिल्यांदा आठवते. आमच्याकडे नवी मुलगी कामाला आली की तिला मी आधी हेच सांगायचे, की प्लेटवर काही उगवले म्हणून ते रुग्णातूनच आले असे धरू नकोस. ते कातडीवरचे असेल, हवेतले असेल, तुझ्या हातमोज्यावरचेही असेल. स्तनाच्या ऊतींत जिवाणू इतके थोडे असतात, की तपासणीच्या रसायनांतला आणि पाण्यातला जिवाणूंचा डीएनएसुद्धा निकालात मिसळतो. म्हणून चांगले संशोधक नमुन्याशिवायच्या कोऱ्या तपासण्या शेकड्यांनी करतात. ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने 2020 मध्ये कर्करोग आणि जिवाणूंवरचा एक गाजलेला शोधनिबंध छापला होता. त्यात माणसाचाच डीएनए जिवाणूंचा समजला गेल्याचे इतरांनी दाखवून दिले आणि 2024 मध्ये तो मागे घेतला गेला. तिथे ही गत होते, तर आपण चौकटी छापताना किती जपायला हवे?

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा (हार्मोनचा) मुद्दा लेखात बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला आहे. यकृत वापरून झालेल्या इस्ट्रोजेनला एक जोड लावून पित्तावाटे आतड्यात टाकते, म्हणजे ते शरीराबाहेर जावे. आतड्यातल्या काही जिवाणूंचे विकर (एन्झाइम) हा जोड तोडते आणि इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात येते. पाळी गेल्यावरच्या वयात, इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठींच्या बाबतीत, याचा संबंध असू शकतो. पण ते जिवाणू बदलले की कर्करोग कमी होतो, हे अजून कोणी दाखवलेले नाही. आणि माझ्या जावेची गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणारी नव्हेच! तिला हे सगळे कोण समजावणार? तिने फक्त चौकट वाचली.

बरे, एवढ्यावर थांबत नाही. तुमच्यासारखेच काहीतरी कुठेतरी वाचून मागच्या महिन्यात एक नातेवाईक तिच्यासाठी ‘चांगल्या जिवाणूंची’ पावडर घेऊन आले होते. कोणा आहारसल्लागाराकडून बरेच पैसे मोजून आणलेली. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा निरोगी माणसाला न बाधणारे जिवंत जिवाणूही रक्तात शिरून जीवावर बेतू शकतात. म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय असले काही घ्यायचे नाही, बाहेरचे दही आणि कच्च्या कोशिंबिरी बंद, असे तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मी डबा परत केला. ते नातेवाईक अजून माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचे दुःख नाही. पण प्रत्येक घरात अडवायला प्रयोगशाळेतली बाई नसते, आणि तुमच्या लेखात केमो चालू असलेल्यांसाठी सावधगिरीचे एक वाक्यसुद्धा नाही, याचे आहे.

आपल्या देशात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा कर्करोग नव्याने झाल्याचा जागतिक अंदाज आहे, आणि मृत्यू 98 हजारांच्या घरात. आपल्याकडे निदान उशिरा होते, हे टाटा रुग्णालयाच्या ओपीडीत एक सकाळ बसले तरी कळते. त्याच टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईत 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटाकडे प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन फक्त हाताने स्तनतपासणी करत. ना मॅमोग्राफी, ना महागडे यंत्र. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. तरुण वयात तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांनी दिलेले हे उत्तर आहे. त्याला तुमच्या पुरवणीत कधी अर्धे पान मिळाले का? मला तरी आठवत नाही.

तीस वर्षांवरच्या बाईला सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घेता येते. काखेत किंवा स्तनात न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून येणारे रक्त, यातले काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. दही आवडो वा न आवडो. हे त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावे, ही माझी मागणी आहे. सोबत कालची चौकट चुकीची होती असेही स्पष्ट लिहावे, म्हणजे तेही ग्रुपवर टाकता येईल.

जाता जाता, लेखाच्या बरोबर मागच्या पानावर ‘आतड्यांचे आरोग्य’ सांगणारा मजकूर आहे. तोच टाइप, तशीच मांडणी, खाली फोन नंबर आणि डब्याची किंमत. ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात इतका बारीक आहे की चष्मा लावूनही मला तो शोधावा लागला. माझ्या सासूबाईंनी ते बातमी समजूनच वाचले. तो शब्द पुढच्या अंकापासून मथळ्याएवढ्या अक्षरांत छापावा.

आपली,
एक वाचक, मिरज
(घरच्या आजाराचा उल्लेख असल्याने नाव प्रसिद्ध करू नये.)