अकरावीचा फॉर्म भरण्याआधी

साखळी (गोवा),
रविवार रात्र

चि. ओंकारास आईचे अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचलास म्हणून मामाचा फोन आला. तू स्वतः केला असतास तर बरं वाटलं असतं, पण असू दे. निघताना जे बोललास, ‘तुला तुझ्या खिडकीपलीकडचं काही दिसतच नाही’, ते बाबांनाही लागलं. त्यावर आज मी काही बोलणार नाही. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून लिहिते आहे. शांतपणे वाच, आणि मामीसमोर नको वाचूस.

शाळेच्या ऑफिसातल्या त्या खिडकीतून मला काय दिसतं ते सांगू दे. दर वर्षी जून-जुलैत बाहेरच्या बोर्डाची मुलं आमच्या हायर सेकंडरीत येतात. कुणाचं बोर्ड बदलायचं मायग्रेशन सर्टिफिकेट राहिलेलं असतं, कुणाचे विषय जुळत नाहीत, कुणाला समकक्षतेचा दाखला लागतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. अकरावी-बारावीऐवजी तुला तिथे जे करायचं आहे त्या आयबीचं, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचं, तसं नाही, हे मला ठाऊक आहे. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज तो डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानते. तू टेबलावर टाकून गेलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचून काढलं. दोन वर्षं, सहा विषय, त्यातले तीन वरच्या पातळीचे. प्रत्येक विषयाला सात गुण, शिवाय चार हजार शब्दांचा प्रबंध आणि ज्ञान म्हणजे काय यावरचा तो विषय मिळून आणखी तीन, असे ४५. डिप्लोमा मिळायला निदान २४ हवेत. आणि एखाद्या विषयात १ पडला तर बाकीचे कितीही चांगले असोत, डिप्लोमा हातात येत नाही. ही ओळ तू वाचली आहेस ना? तिथे सगळं एकमेकांत बांधलेलं आहे. मामा म्हणतो ते केंब्रिजचं ए लेव्हल निदान विषयागणिक आहे. तीन विषय घेतले आणि एक बिघडला, तर बाकीचे दोन शाबूत राहतात. ते तू बघायलाही तयार नाहीस.

तुझी विषयांची यादी मी समोर ठेवली आहे. इंग्रजी, हिंदी, गणित, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि ते एन्व्हायर्नमेंटल सिस्टिम्स. यात फिजिक्स नाही. फिजिक्स नाही म्हणजे मेडिकलची ‘नीट’ परीक्षा नाही, आणि ‘नीट’ नाही म्हणजे गोमेकॉ, आपलं गोवा मेडिकल कॉलेज, नाही. नेहमीच्या रचनेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही बसत नाहीत, खास परवानगी काढावी लागते, आणि ती काढली तरी नीट असते मेच्या पहिल्या रविवारी, तेव्हा तुझे आयबीचे पेपर चालू असणार. सोळाव्या वर्षी माणूस एखादी वाट कायमची सोडतो तेव्हा ती सोडतोय हे त्याला कळत असावं, एवढंच माझं म्हणणं. मोठं झाल्यावर माणूस म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही. म्हणून आई-वडिलांनी सांगायचं असतं, मुलाने ऐकून घ्यायचं असतं, आणि मग

राहू दे. हे व्याख्यान द्यायला मी बसले नव्हते. माफ कर. तू डॉक्टर व्हावंस हे आजीच्या मनात आहे, तुझ्या नाही, हे काय मला कळत नाही?

खरं तर तो एन्व्हायर्नमेंटचा विषय वाचताना मला त्या बाटल्या आठवल्या. सातवीच्या पावसाळ्यात मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्या तू पडवीच्या कठड्यावर ओळीने मांडल्या होत्यास. प्रत्येकीला चिकटपट्टी, त्यावर तुझं ते तिरकं अक्षर: ‘विहीर, पावसाआधी’, ‘विहीर, पावसानंतर’, ‘वाळवंटी, पुलाखाली’. पुलाखालच्या बाटलीत तळाला बोटभर तांबडी माती बसली होती, आणि वरचं पाणी स्वच्छ दिसत असतानाही तू आजीला पिऊ देईनास. बाबा त्या बाटल्यांकडे बघत उभे राहिले होते. त्याच मातीवर आपलं घर चाललं होतं रे. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी ट्रक ठेवला, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा विकला, आणि तरी तुला म्हणाले, आणखी बाटल्या हव्यात का? मी आमच्या प्राचार्यांना बोलावून आणून त्या दाखवल्या. चार हजार शब्दांचा प्रबंध मुलं घासून लिहितात म्हणे, तू त्यातला अर्धा तेव्हाच लिहिला होतास. वर्गात कुणी शिकवला म्हणून नव्हे, तुला हवा होता म्हणून. असा मुलगा त्या शाळेला मिळाला तर भाग्य त्या शाळेचं, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

फीचं मनावर घेऊ नकोस. निम्मी माफ झाली आहे, उरलेल्याचं मी आणि बाबांनी बसून गणित केलं आहे. बाबांचा बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसवरचा, पगार आणि माझा, काकांकडे न जाता होतं. त्यावर पुन्हा विचारायचं नाही.

माझी भीती वेगळी आहे, आणि ती विषयांची नाही.

तू सांगत नाहीस, ओंकार. पाचवीत गेलास तेव्हाचं आठव. चौथीपर्यंत मराठी शाळा, आणि जूनमध्ये एकदम सगळं इंग्रजी. रोज विचारायचे, कसं चाललंय? ‘बरं चाललंय.’ चतुर्थीच्या सुट्टीआधी बाईंनी बोलावून घेतलं तेव्हा कळलं की वर्गात तू तोंडच उघडत नव्हतास. आणि आठवीत हात मोडलास त्या दिवशी? जेवायला बसलास, शीत डाव्या हाताने कालवलंस. डाव्या हाताने बांगड्याचा काटा काढता येईना, तर तो तसाच ताटाच्या कडेला सारलास आणि ‘भूक नाही’ म्हणालास. आजीने मनगट बघितलं म्हणून कळलं, नाहीतर तसाच झोपला असतास.

इथे बाई होत्या, आजी होती. तिथे कोण बघणार? हुशार मुलांच्या त्या शाळेत पहिल्या सहामाहीत सातपैकी तीन-चार पडतात म्हणे, चांगल्या-चांगल्यांना. त्या रात्री तू कुणाला सांगशील? मला तर नाहीच. मामाकडे शनिवारी जाशील आणि म्हणशील, बरं चाललंय. गुण कमी पडले तर मला काही वाटणार नाही, हे शपथेवर सांगते. पण तू एकट्याने गिळून बसलास तर... बघ, परत तेच आलं. मीच म्हणाले होते की हे काढणार नाही.

बाबांचं मत विचारलंस ना? ते म्हणतात, जाऊ दे त्याला. एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले, रात्री नऊ वाजता.

आता कामाचं. इथला अकरावी सायन्सचा फॉर्म मी भरून ठेवला आहे. राग येईल, येऊ दे. तुझा निर्णय होईपर्यंत ती जागा असू दे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला पुण्यात कुणाच्या हातात देऊ नकोस, सध्या झेरॉक्स दे. उद्या शाळेत जाशील तेव्हा तीन गोष्टी विचारून घे. पुढे विचार बदलला आणि फिजिक्स हवं झालं, तर पहिल्या वर्षी कधीपर्यंत बदलता येतं? भारतातल्या कॉलेजात गेलेली त्यांची मुलं कुठे आहेत, आणि निकाल जुलैत लागतो तर तोवर प्रवेशासाठी शाळा काय लिहून देते? आणि तिसरं, वसतिगृहात तुझ्यावर लक्ष ठेवणारं माणूस कोण. हुद्दा नको, नाव आण. त्यांचा नंबर मला दे, आणि त्यांना माझा दे. हे नाव आणलंस की मी सही करते, कुठल्याही कागदावर.

तुझी,
आई

ता. क. पिशवीत तळाशी काजू आहेत, ते मामीचे. सोलं तुझी, पण सगळी एका दिवसात संपवू नकोस. आणि उद्या फोन तू कर, मामाकडून निरोप नको.